राखून ठेवलेला प्रश्न

त्या गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर त्रिशलासाठी रोजच्यासारखा प्रश्न आला आणि तिच्या वतीने मी उत्तर दिलं. प्रश्न असा होता: उद्यापासून कामावर जायचं आहे, तुम्हाला कसं वाटतंय? खाली चार उत्तरं होती. मी "जाईन, पण आधी घरातलं सगळं मार्गी लागलं पाहिजे" हे उत्तर दाबलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्रिशला तेव्हा चाकणहून परतीच्या बसमध्ये होती. डॉक्टरांनी नंतर जो अंदाज सांगितला त्यावरून पाहिलं, तर मी ते बटण दाबलं तेव्हा ती गेलेली होती.

फोन पेठ नाक्यावरून आला. बस चहाला थांबली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी त्रिशलाच्याच फोनवरून, कुलूप असतानाही पडद्यावर दिसतो त्या घरच्या नंबरला फोन लावला. म्हणाल्या, "दादा, ताई उठेनात." मी म्हणालो, तिला प्रवासात गाढ झोप लागते, जरा खांद्याला हलवा. मग ड्रायव्हरने फोन घेतला आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात यायला सांगितलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिला काही कळलं नसेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तेच पुन्हा एकदा सांगितलं.

आमचं घर कोल्हापूरला, उचगावच्या रस्त्यावर. खाली माझं दुकान आहे, गाड्यांच्या उतरलेल्या बॅटऱ्या घेऊन चार्ज केलेल्या बसवून द्यायचं. त्रिशला पूर्वी शिरोलीच्या एका फाउंड्रीत प्रयोगशाळेत होती. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओततात आणि पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग करतात. लोखंड थिजताना आत हवा अडकली तर पोकळी राहते. वरून भाग चांगला दिसतो, पण चालत्या गाडीत तुटतो. म्हणून त्याचा एक्स-रे काढतात. तो बघून भाग पास की नापास हे ठरवायचं, हे त्रिशलाचं काम. थोरली ऋजुता झाली तेव्हा तिने ते सोडलं. मग श्रीया झाली. ऋजुता आता अकरावीत आहे, श्रीया सातवीत. गेल्या वर्षी त्रिशला म्हणाली, आता मला परत जायचंय.

इतक्या वर्षांची रजा झालेल्या बाईला कामावर घ्यायला कंपन्या बिचकतात. नजर तशीच राहिली असेल का, ही एक भीती. घरचं निघालं की ही मध्येच सोडून जाईल का, ही दुसरी. या दोन्ही भीतींवर इलाज म्हणून "पुनरारंभ" नावाची सेवा निघाली होती. ते उमेदवाराचं एक प्रतिरूप बनवतात. म्हणजे यंत्रातला माणूस, पण त्याला चेहरा नसतो आणि आवाजही नसतो. ते फक्त लिहितं.

त्यामागचं शास्त्र मला केळुसकरांनी समजावलं. ते त्या सेवेचे कोल्हापूरचे अधिकारी. त्यांचं म्हणणं असं की, पोकळी म्हणजे काय हे कोणत्याही यंत्राला शिकवता येतं. पण किती शंका आली की माणूस "नाही" म्हणतो, ही रेघ प्रत्येकाची वेगळ्या जागी असते. ती रेघ सापडली की माणूस सापडला. कामातली रेघ शोधायला त्यांनी त्रिशलाला हजारो जुने एक्स-रे दाखवले. ती पास-नापास सांगत असताना एक कॅमेरा तिचे डोळे कुठे थांबतात ते टिपत होता. घरातली रेघ शोधायला रोज संध्याकाळी प्रश्न यायचे. मूल आजारी आहे आणि कामावर तातडी आहे, काय कराल? साहेब सर्वांसमोर बोलले, घरी येऊन काय कराल? उत्तर दाबायचं आणि वाटलं तर खाली दोन ओळी लिहायच्या. असं सहा महिने. शेवटचे आठवडे उरले की ते प्रतिरूप कंपनीच्या मागच्या वर्षाच्या कामावर बसवायचं. यंत्राचं एक वर्ष एका रात्रीत सरतं. सकाळी कागद हातात येतो, की ही बाई वर्षभरात कशी वागली असती, रजा कधी घेतली असती, भांडली असती का, सोडून गेली असती का. कंपन्यांचा मुलाखतीपेक्षा या कागदावर जास्त विश्वास.

पहिल्या दिवशी टॅबलेट भिंतीला लावून त्रिशला मला म्हणाली, "घ्या. तुमच्यासाठी माझी सवत आणलीय. स्वयंपाक करत नाही, पण उलट उत्तरंही देणार नाही." तेव्हापासून घरात त्याचं नाव सवत पडलं. श्रीया शाळेतून आल्यावर विचारायची, सवतीचा प्रश्न आला काय?

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो. त्यामुळे साडेपाच वाजता आमच्याकडे भाकऱ्यांची घाई असते, आणि प्रश्न नेमका त्याच वेळी यायचा. वेळ बदलून मिळत नव्हती. एक दिवस जरी उत्तर चुकलं तरी तो आठवडा बाद व्हायचा. त्रिशलाचे हात पिठात असायचे. आमच्या घरात पहिल्यापासून अशी रीत आहे की ज्याचा हात रिकामा तो फोन उचलतो, मग तो कोणाचाही असो. मुलींच्या मैत्रिणींना माझी उत्तरं जायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना श्रीयाची. तसंच इथेही झालं. सुरुवातीला त्रिशला पोळपाटावरून ओरडून सांगायची, दुसरं दाब, तिसरं दाब. नंतर तिने सांगायचं सोडलं आणि आम्ही विचारायचं. प्रश्न घरचेच होते. तिचं उत्तर काय असणार हे आम्हाला माहीत आहे असं वाटायचं. कधी मी दाबायचो, कधी ऋजुता, बहुतेकदा श्रीया, कारण तिला त्यात मजा यायची.

तिच्यापुढे दोन जागा आल्या. एक शिरोलीचीच, जुन्या फाउंड्रीत. घरापासून जवळ, पाचला सुट्टी, पण हुद्दा जुनाच. जिला त्रिशलाने कधीकाळी काम शिकवलं होतं ती आता तिची वरिष्ठ झाली असती. दुसरी जागा चाकणची. तिथे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांचे भाग ओततात. तपासणी विभागाची प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. पाच दिवस तिकडे, शनिवार-रविवार घरी, राहायला कंपनीची खोली. दोन्हीकडे प्रतिरूपाचं वर्ष फिरवून झालं होतं आणि दोघांचाही होकार होता. फक्त तिने सांगायचं बाकी होतं.

त्या सेवेत एक सोय होती. उमेदवाराला एक प्रश्न राखून ठेवता यायचा. त्याचं उत्तर प्रतिरूप देणार नाही, कोणीही विचारलं तरी. त्रिशलाने "दोन्हींपैकी कोणती जागा घ्याल?" हाच प्रश्न राखून ठेवला. मी म्हणालो, सवतीला सगळं कळतं तर तिलाच विचार की, मोकळी होशील. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "तेवढं तरी माझं मला राहू द्या की."

चाकणला दोन दिवस जाऊन जागा बघून येते म्हणाली. ती गेली आणि परत येताना वाटेत हे झालं.

घरात माणसं होती, तेव्हाचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पाहुणे गेल्यावर एका संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो तर श्रीया स्टुलावर चढून टॅबलेटवर काहीतरी दाबत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, प्रश्न आला होता. ती रोज उत्तर देत होती. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी रागावणार होतो, पण ती म्हणाली, "नाहीतर मम्मीचा आठवडा बाद झाला असता ना." मी तिला खाली उतरवलं.

पुढच्या सोमवारी टॅबलेटवर संदेश आला: अभिनंदन, त्रिशला. आपलं प्रशिक्षण पूर्ण झालं आहे. दोन्ही संस्था आपल्या निर्णयाची वाट पाहत आहेत.

मी केळुसकरांना फोन करून सांगितलं की ती राहिली नाही. ते म्हणाले की त्यांच्या नोंदीत तर ती कालही होती. मी म्हणालो, काल माझी मुलगी होती.

मला वाटलं विषय संपला. दोन दिवसांनी ते घरी आले. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. उमेदवाराने निर्णय दिला की प्रतिरूप पुसून टाकतात, असा नियम आहे. पण उमेदवार निर्णयाआधीच गेला तर काय, हे नियम लिहिणाऱ्यांनी वारसा हक्कावर सोडलं होतं. प्रतिरूप वारसाच्या ताब्यात जातं, तीन महिने. दोन्ही कंपन्यांना त्रिशला गेल्याचं कळवलं होतं. दोघांचं म्हणणं एकच होतं: आम्हाला वाईट वाटतं, आणि आमची जागा अजून खुली आहे. प्रतिरूप द्या. एक्स-रे बघायला हात लागत नाहीत.

टॅबलेटवर तीन बटणं आली. शिरोली, चाकण, पुसा. मुदत संपेपर्यंत काहीच दाबलं नाही तर आपोआप पुसलं जाणार. पैशांचं मी इथे लिहीत नाही. मुलींच्या शिक्षणाला पुरले असते, एवढं खरं.

शिरोलीचे मालक आवटी स्वतः आले. जुना माणूस. बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरले. म्हणाले, त्रिशलाने नापास केलेला भाग मी कधी परत तपासायला पाठवला नाही. मग चहा घेऊन म्हणाले, "मगदूम, घरचीच फाउंड्री आहे. बाहेर कुठं पाठवता? इथं राहील, डोळ्यासमोर." ते यंत्राबद्दल बोलत होते हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. लक्षात आलं तरी मला राग आला नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

ते गेल्यावर दोघी मुलींचं भांडण झालं. श्रीयाचं म्हणणं, शिरोलीला द्या, म्हणजे ती असेल तरी. ऋजुता म्हणाली, पुसून टाका. श्रीयाने तिला विचारलं, तुला मम्मी नकोय काय? ऋजुता ताटावरून उठून गेली. मी मध्ये काहीतरी बोलायला हवं होतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला एवढंच हवं होतं की तिने जे निवडलं असतं ते करावं. मग ते शिरोली असो, चाकण असो. तिचं शेवटचं काम तिच्या मनासारखं व्हावं. पण तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत असायला हवं ते भिंतीवर होतं.

म्हणून एका रविवारी दुपारी मी टॅबलेटसमोर बसलो. दोघी मागे येऊन उभ्या राहिल्या. मी लिहिलं: शिरोली चांगली की चाकण?

उत्तर आलं: हा प्रश्न त्रिशला यांनी स्वतःसाठी राखून ठेवला आहे.

मग मी बाजूबाजूने विचारायला लागलो. चाकणची खोली कशी वाटेल? उत्तर आलं: "खोली चांगली असेल, पण श्रीयाची वेणी कोण घालणार हे मनात राहील."

श्रीया हळूच म्हणाली, "हे मी लिहिलं होतं. मला घालता येते वेणी. उगाच लिहिलं होतं, मम्मीने घालावी म्हणून."

मी पुढचं विचारलं. पाच दिवस घरापासून लांब राहणं जमेल का? "ऋजुताची बारावी तोंडावर आहे. अभ्यासाला बसल्यावर शेजारी कोणी असलं की तिचा अभ्यास होतो." ऋजुताने मान हलवली, हे तिने लिहिलं होतं.

मी आणखी एक विचारलं. खरं तर विचारायला नको होतं. संध्याकाळी कामावर असाल तर कशाची काळजी वाटेल? उत्तर आलं: "ह्यांना एकट्याला जेवण जात नाही."

ते मी लिहिलं होतं. दिवाळीनंतर कधीतरी, विनोद म्हणून.

ऋजुता म्हणाली, "पप्पा, त्यात मम्मी नाही. त्यात आपणच बसलोय."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून केळुसकरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कोण दाबायचं, कधी दाबायचं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, उत्तर दुसऱ्याने दिलं तर यंत्राला संशय यायला हवा होता, पण तुम्ही तिघं पहिल्या आठवड्यापासूनच आत होता. यंत्राने चौघांना मिळून एकच बाई समजलं. ते मला हेही म्हणाले की एवढ्या घरांत प्रतिरूपं केली, पण पूर्ण कुटुंबाने मिळून एकीला घडवल्याचं पहिल्यांदाच बघतोय. त्यांना ते हसून म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

मी विचारलं, वेगळं करता येईल का? ते म्हणाले, येईल. बटण दाबायची प्रत्येकाची एक ढब असते. बोट किती वेळ घुटमळतं, किती जोरात टेकतं, हे नोंदलेलं असतं. आमच्या तिघांच्या ढबी तपासल्या की उरलेली उत्तरं तिची.

आठवड्याने त्यांनी बोलावलं. कामाचा भाग सगळा तिचाच होता, तिथे आम्ही हात लावला नव्हता. घरच्या भागात तिचं बोट जवळजवळ कुठेच नव्हतं. होतं ते चहा आवडतो की कॉफी, बस लागते का, उन्हाळा सोसतो का, एवढंच. मी म्हणालो, आमची सगळी काढून टाका आणि उरलेलीला चाकणला एक वर्ष फिरवून दाखवा. ते म्हणाले, मगदूमसाहेब, ते बरं दिसणार नाही. मी म्हणालो, दाखवा.

सकाळी त्यांनी कागद दिला. कामात एकही चूक नव्हती. वर्षभरात एकही रजा नव्हती. दिवाळीत ती प्रयोगशाळेत होती. श्रीयाच्या वाढदिवसाला जास्तीचं काम मागून घेतलं होतं. ऋजुताच्या परीक्षेच्या दिवशीही तिने नेहमीएवढेच एक्स-रे बघितले. एकदाही घरी फोन नाही. फोन करायला तिच्याजवळ घर नव्हतं. ते आम्ही काढून घेतलं होतं.

केळुसकरांनी जुना कागदही समोर ठेवला, आम्ही सगळे आत असतानाचा. त्यात चाकणला ती बारावीच्या परीक्षेआधी नोकरी सोडून आली होती; तरी तिची नजर बघून कंपनीने होकार दिला होता. शिरोलीला वर्षभर टिकली होती, पण पाच वाजत आले की एक्स-रेवर कमी वेळ थांबायची. तिला घरी जायचं असायचं. त्या घाईत काय पास झालं असतं ते मी विचारलं नाही.

म्हणजे माझ्याकडे दोन त्रिशला होत्या. एकीला घराशिवाय काही नव्हतं आणि एकीला घरच नव्हतं. माझी बायको या दोघींच्या मध्ये कुठेतरी होती, आणि तिथे पोचायला माझ्याकडे वाट नव्हती. सतरा-अठरा वर्षं एका घरात राहून मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की तुला कुठे जावंसं वाटतंय. मला वाटायचं, ती सांगेलच.

मुदतीचे थोडे दिवस राहिले तेव्हा चाकणहून शबनम इनामदार यांचा फोन आला. तिथल्या प्रयोगशाळेत त्या होत्या आणि त्रिशला गेली असती तर तिच्या हाताखाली आल्या असत्या. त्या म्हणाल्या, ताईंचा डबा इथे राहिलाय, कुरिअरने पाठवू का? मी म्हणालो, मी येतो.

कंपनीच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो. त्यांनी डबा घासून पुसून पिशवीत ठेवला होता. तीन पुडांचा, आमच्या लग्नातला. मी विचारलं, शेवटच्या दिवसांत ती कशी होती? शबनमबाई म्हणाल्या, खूश होत्या. पहिल्या संध्याकाळी काम बघता बघता सात वाजले. मी म्हणाले, ताई तुमचं जेवण राहिलं, तुम्ही दिवसा जेवता ना. तर म्हणाल्या, आजच्या दिवस तुमच्याबरोबर जेवते, आणि याच टेबलावर बसून आमच्यासोबत जेवल्या. डाळ पातळ आहे म्हणाल्या आणि दोनदा घेतली.

लग्नानंतर मी तिला दिवस मावळल्यावर जेवताना पाहिलेलं नाही.

मी त्यांना विचारलं, इथे यायचं असं काही म्हणाली का? त्या म्हणाल्या, नाही, ते नाही बोलल्या. मग मी प्रतिरूपाचं सगळं सांगितलं, आम्ही उत्तरं दाबायचो, काय दाबतो ते तिला कळलंही नसेल, पुढे सगळा घोळ कसा झाला. त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना माहीत होतं की."

मी म्हणालो, काय माहीत होतं?

"तुम्ही काय दाबता ते. रात्री सगळे झोपले की त्या वाचायच्या. मला म्हणाल्या, आमच्याकडे कोणी तोंडावर काही मागत नाही. मी कामाला जाते म्हटल्यावर तिघंही जा म्हणाले. पण तिथे दाबतात ते खरं दाबतात. म्हणून मी त्यांना दाबू देते."

मी डब्याच्या पिशवीचा बंद धरून बसलो होतो. त्यांनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, मग वाचून ती काय म्हणाली? शबनमबाईंनी आठवून बघितलं. म्हणाल्या, "एवढंच म्हणाल्या, की सगळ्यांनी आपापलं सांगून झालंय, आता माझं राहिलंय."

परतीच्या बसमध्ये खिडकीकडची सीट मिळाली. पेठ नाक्याला बस थांबली, मी उतरलो नाही. वाटभर एकच हिशोब डोक्यात होता. आमचं सगळं वाचूनसुद्धा ती चाकणला गेली होती. म्हणजे तिला जायचं होतं. पण वाचूनच ती गेली असेल, ती जागा एकदा बघून सोडून देण्यासाठी, हेही तितकंच खरं असू शकतं. ती तशी होती. साडी घ्यायची नसली तरी दुकानात जाऊन हात लावून बघून यायची, म्हणजे मग मनातून जाते म्हणायची. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला आणि दर वेळी मला पटेल अशी त्रिशला मिळत गेली. तेव्हा कळलं की मी पुन्हा तिच्या वतीने उत्तर दाबतोय.

घरी पोचलो तर दोघी जेवायच्या थांबल्या होत्या. बाहेर अजून उजेड होता. ऋजुताने भाकऱ्या केल्या होत्या, कडा जाड झाल्या होत्या. श्रीयाने विचारलं, तिकडचे लोक काय म्हणाले? मी म्हणालो, डबा दिला. ती म्हणाली, आणि? मी म्हणालो, चांगली माणसं आहेत. ऋजुताने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं.

जेवताना श्रीया पुन्हा म्हणाली, शिरोलीला द्यायचं का? ऋजुता यावेळी भांडली नाही. म्हणाली, "पप्पांना ठरवू दे." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, बघू. हा शब्द या घरात मी इतक्या वेळा वापरलाय की त्यांनी पुढे विचारलं नाही.

टॅबलेट अजून भिंतीवर आहे. आता त्यावर संध्याकाळचा प्रश्न येत नाही. तीन बटणं आहेत आणि त्यांच्या वर त्रिशलाने राखून ठेवलेला प्रश्न आहे, त्याच्यासमोर लिहिलंय: उमेदवाराच्या उत्तराच्या प्रतीक्षेत. साडेपाच वाजले की श्रीया अजून सवयीने तिकडे बघते. मीही बघतो.

आवटींचा फोन येऊन गेला, त्यांना काही कळवलेलं नाही. चाकणच्या कंपनीलाही नाही. उद्या मुदत संपते. उद्या मी काही केलं नाही तर ते आपोआप पुसलं जाईल, आणि तेही मी ठरवलं असं होणार नाही.

डबा धुवून मांडणीत ठेवला आहे. त्यांची आई रात्री त्यांची उत्तरं वाचत होती, हे मुलींना सांगायचं राहिलं आहे.